पहिल्या हाकेला

राजापूरच्या माळावर पौषातला वारा
गवत आडवं निजवूनच पुढे जायचा.
निफाडला नळात पाणी गोठलं,
असं येवल्याच्या एस.टी.चा कंडक्टर सांगून गेला,
आणि गेनू ठेलाऱ्याच्या वाघुरीतून
आठवड्यातलं पाचवं कोकरू गेलं.

मग भिवसनमामाला निरोप.
बंदूक गेनूची, ठासणीची.
मामाकडे फक्त दोन तळहात
आणि त्यांच्यामधली पोकळी.
तीत तो फुंकायचा:
काट्यात अडकलेला ससा,
पाय मोडलेलं करडू,
अंडी चोरीला गेलेली तित्तरी.
दिवसा आम्ही पोरं हसून लोळायचो.
रात्री तोच आवाज आला की आई कडी लावायची,
सख्खा भाऊ असून.

मी अकरा वर्षांची. तीन सेलची बॅटरी धरायला मला नेलं.
"हिचा हात हलत नाही," मामा म्हणाला.
त्याचा मला अजून अभिमान वाटतो.
वाटतो, याची लाजही.

बोरीच्या झुडपाला मेलेलं कोकरू बांधलं.
आम्ही वाऱ्याच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या काठावर,
एका घोंगडीत तिघं.
घोंगडीला लेंड्यांचा वास, बिडीचा वास.
"खोकला आला तर तोंडात माती घाल," गेनू म्हणाला.

मामा आधी ससा झाला.
लांब कोल्हे बोलले. मग एकटीच भालू ओरडली,
आणि गेनू अपशकुनाला हळूच "हाड" म्हणाला.
मामा करडू झाला.
काही नाही. बोटं बधिर. शुक्र उगवायला अजून वेळ.

मग त्याने तळहात जरा सैल सोडले
आणि कधीच न ऐकलेला एक आवाज काढला,
बारीक, ओलसर,
डोळे न उघडलेला.

ती आली.
आमिषाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.
कोकरू ओलांडून, हुंगत, घाईने,
रडणाऱ्या झुडपाकडे,
म्हणजे आमच्याकडे.
दहा पावलांवर थांबली, मान खाली घातली,
पोट आत ओढलं, दोनदा, तीनदा,
आणि भुईवर काहीतरी ओकली.
थंडीत त्याची वाफ वर चढली.
मग मान उचलून ती वाट बघत राहिली,
कोण खायला येतंय याची.

मामाने कोपर मारलं.
मी बटण दाबलं.
माझा हात हलला नाही.

शाळेत "लांडगा आला रे" शिकवत.
पोरगा खोटारडा, लांडगा शेवटी खरा.
इथेही तसंच झालं.

आई म्हणायची, रात्री कुणी नावाने बोलावलं
तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, दुसऱ्याही नाही,
काय ठाऊक कुणाचं तोंड आहे.
तिसरी आली तर माणूस.
तिला हे सांगायला कुणी नव्हतं.
तिने पहिल्याच हाकेला ओ दिली.

गेनूने शेपूट कापून घेतलं, वस्तीवर दाखवायला.
मामाला एक जेन लोकर आणि दहाची नोट कबूल झाली.
पुढच्या अमावस्येला मामा परत गेला,
कोकरं जातच होती, खोटं कशाला सांगू.
पण मला परत नेलं नाही, आणि विचारलंही नाही.

त्या पहाटे मात्र तो बसून राहिला होता
त्या ढिगाजवळ.
सशाची कातडी, हाडाचे तुकडे, अर्धं पचलेलं,
अजून कोमट.
दोन्ही हातांनी तो त्यावर माती लोटत होता,
मेलेल्यावर लोटतात तशी.

तेवढ्यात नाल्याच्या पलीकडच्या दरडीतून
तोच आवाज. बारीक, ओलसर.
"मामा, तू?"

तो काही बोलला नाही.
त्याचे हात मनगटापर्यंत मातीत होते.